सर्व्हरवर पीएचपी की नोड?

संकेतस्थळाचा सर्व्हरवरचा प्रोग्राम लिहिण्यासाठी पीएचपी ही भाषा घ्यावी की सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी नोड.जेएस, ही चर्चा बहुधा वेगावर येऊन थांबते. माझ्या मते त्याआधी एक गोष्ट तपासावी, ती म्हणजे ब्राउझरकडून आलेल्या पानाच्या मागणीला, म्हणजेच विनंतीला, उत्तर देऊन झाल्यावर प्रोग्रामचे काय होते.

रास्मुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पीएचपीच्या नेहमीच्या मांडणीत प्रत्येक विनंतीसाठी स्क्रिप्ट कोऱ्या पाटीने सुरू होते, डेटाबेसमधून माहिती आणते, पान तयार करते आणि संपते. तिने घेतलेली मेमरीही तेव्हाच मोकळी होते. त्यामुळे एका पानातली चूक सहसा त्या पानापुरतीच राहते आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) फाइल चढवली की काम सुरू होते. मात्र मोठ्या फ्रेमवर्कची (कोडच्या तयार सांगाड्याची) जुळवाजुळव दर विनंतीला नव्याने करावी लागते. तयार झालेला कोड साठवून ठेवणाऱ्या ऑपकॅश या पीएचपीच्या सोयीमुळे फक्त कोड पुन्हा पुन्हा कंपाइल करण्याचे, म्हणजे चालवण्याजोग्या रूपात आणण्याचे, काम वाचते.

रायन डाल यांनी २००९ मध्ये पुढे आणलेल्या नोडमध्ये, क्रोमच्या व्ही८ या जावास्क्रिप्ट इंजिनावर चालणारा प्रोग्राम सतत जागा असतो आणि डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहताना दुसऱ्या विनंत्या हाती घेतो. चॅट किंवा थेट धावफलक, जिथे हजारो जोडण्या उघड्या ठेवायच्या असतात, तिथे ही रचना फार उपयोगी पडते. पण तुमचा कोड एकाच धाग्यावर (थ्रेडवर), म्हणजे एका वेळी एकच काम करत, चालत असल्याने एखादी लांबलचक आकडेमोड सर्वांना ताटकळत ठेवते, न हाताळलेली एक चूक संपूर्ण प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) पाडते आणि मेमरीची गळती, म्हणजे काम संपूनही मोकळी न झालेली मेमरी, दिवसेंदिवस साचत जाते. म्हणून प्रोसेसवर लक्ष ठेवून ती पुन्हा उभी करणारी व्यवस्था आणि ती सांभाळणारा माणूस, दोन्ही हवेत.

शाळा, ग्रंथालय किंवा छोट्या नियतकालिकाचे संकेतस्थळ असेल, तर मी निःशंकपणे पीएचपी सुचवेन.

देवनागरी मजकुराबाबत मात्र दोन्हीकडे सारखीच दक्षता हवी. ‘मराठी’ या शब्दाची लांबी पीएचपीचे ‘एसटीआरलेन’ हे फंक्शन १५ सांगते, कारण ते यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीतले बाइट मोजते. जावास्क्रिप्टची ‘लेंग्थ’ ५ सांगते, कारण काना आणि वेलांटी तिथे स्वतंत्र धरल्या जातात. वाचकाला दिसणारी ३ अक्षरे मोजायची असतील, तर पीएचपीत ‘ग्राफीम_एसटीआरलेन’ आणि नोडमध्ये ‘इंटल.सेगमेंटर’ वापरावे, अन्यथा शीर्षके आखूड करताना मात्रा तुटतात.