कोर्टात पेन्सिल की माइक? स्टेनोच्या कामाची तुलना

लातूर, परभणीकडची मुलं स्टेनोच्या (लघुलेखकाच्या) भरतीची तयारी करताना हमखास विचारतात: आता बोललेलं आपोआप टाइप होतं, मग शॉर्टहँड (बोलणं खुणांनी भरभर उतरवायची लिपी) कशाला शिकायचं?

माझं मत शॉर्टहँडच्या बाजूनं आहे. आयझॅक पिटमनची शॉर्टहँड पद्धत 1837 ची, पण तिची युक्ती आजही तितकीच धारदार आहे. ‘प’ची रेघ बारीक, तीच जरा दाबून जाड काढली की ‘ब’. म्हणून पेन्सिल लागते आणि टोकही जपावं लागतं. न्यायाधीश साहेब निकालपत्र सांगताना मध्येच थांबून वाक्य बदलतात, तेव्हा कुठलं खोडायचं आणि कुठलं ठेवायचं ते वहीवर बसलेल्या माणसाला लगेच कळतं. मिनिटाला 100-120 शब्दांचा वेग यायला मात्र महिनोन्‌महिने रोजचा सराव हवा. त्याला पर्याय नाही.

माइकचा वेग निर्विवाद. शांत चेंबरमध्ये, स्पष्ट उच्चारात सांगितलेला मजकूर तो झरझर उतरवतो. नंतरचं टायपिंग वाचतं, हा फार मोठा फायदा. पण भरलेल्या कोर्टात उलटतपासणी चालू असते, दोन वकील एकदम बोलतात आणि साक्षीदार सांगतो, “म्या रानात जायलालो, तवा बांधावर भांडण चालू होतं.” इथं ‘जायलालो’ (जात होतो) या बोलीतल्या शब्दाला यंत्र हमखास अडखळतं. ‘होतो’ आणि ‘नव्हतो’ यांत गल्लत झाली तर साक्षच फिरते. म्हणून जबानी वाचून दाखवायची पद्धत आहे, आणि चूक पकडायला जाणता कान लागतोच.

आधी शॉर्टहँड पक्कं करा, माइक आठवड्याभरात जमेल.