अमिगा १२०० साठी पीएफएस३: पाच महिन्यांच्या वापरानंतर

अमिगा हा कमोडोर कंपनीचा जुना घरगुती संगणक. त्याला 'शट डाऊन' नाही. काम संपलं की पॉवर सप्लायवरचं बटण बंद करायचं, झालं. फ्लॉपीवर काम करताना ड्राइव्हचा दिवा विझला की बटण दाबायला काही हरकत नसते. हार्ड डिस्क लावली की मात्र ते बटण नेमक्या कुठल्या क्षणी बंद झालं याला फार महत्त्व येतं. आणि सांगलीत पावसाळ्यात ते बटण आपणच दाबतो असं नाही, वीज न सांगता जाते. फाईलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाईली कुठे आणि कशा ठेवायच्या ते ठरवणारी व्यवस्था, निवडताना मी सोयीचा विचार केला, विजेचा केला नाही. ती चूक महागात पडली आणि शेवटी पीएफएस३ या फाईलसिस्टिमवर आलो, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

यंत्र ब्राउनश्वाइगला नोकरीला असताना एका आजोबांकडून घेतलेलं. कमोडोरचा जर्मनीतला कारखाना याच गावात होता. परत येताना ते बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून आणलं. तिथली वीज आणि टीव्हीची पाल पद्धत आपल्यासारखीच, त्यामुळे इथे ते लावल्याबरोबर सुरू झालं. फक्त कीबोर्डवर वाय आणि झेडच्या जागा उलट आहेत, त्याची सवय व्हायला महिना गेला. रॉम (मूळ प्रणाली साठवलेली चिप) ३.१ चा, प्रोसेसर मूळचाच १४ मेगाहर्ट्झचा ६८०२०, वर ८ एमबी फास्ट रॅमचं कार्ड. आतली जुनी अडीच इंची डिस्क बंद पडली होती. तिच्या जागी ४४ पिनांचा अॅडॉप्टर लावून ४ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बसवलं. हे कार्ड अमिगाच्या आतल्या आयडीई प्रकारच्या डिस्कसारखंच बोलतं, त्यामुळे मध्ये वेगळी चिप लागत नाही. दोन पार्टिशन केली: वर्कबेंचसाठी, म्हणजे अमिगाच्या डेस्कटॉपसाठी, ५०० एमबीचं डीएच०, बाकी सगळं डीएच१.

सुरुवात एफएफएसवर (फास्ट फाईल सिस्टिम) केली, कारण ती रॉममध्येच असते, काही टाकावं लागत नाही. वर्कबेंच १.३ बरोबर ती आली तेव्हा मोठीच सुधारणा होती. आधीची ओएफएस (ओल्ड फाईल सिस्टिम) दर ५१२ बाइटच्या ब्लॉकमधले २४ बाइट स्वतःच्या नोंदीला घ्यायची, एफएफएस पूर्ण ब्लॉक डेटाला देते. पण कुठला ब्लॉक रिकामा आणि कुठला भरलेला याचा तिचा नकाशा लिहिता लिहिता वीज गेली, तर पुढच्या वेळी सगळं पार्टिशन पहिल्या फाईलपासून शेवटच्या फाईलपर्यंत वाचून तो नकाशा पुन्हा बांधावा लागतो. याला व्हॅलिडेशन म्हणतात. ते संपेपर्यंत त्या पार्टिशनवर काही लिहिता येत नाही. २० किंवा ४० एमबीच्या डिस्कवर हे फारसं जाणवत नसणार. तीन जीबीहून मोठ्या, गेम्सनी भरलेल्या डीएच१ वर दिवा पेटलेला पाहत किती वेळ बसायचं याची मर्यादाच राहत नाही.

दोनदा वाट पाहिली आणि निभावलं. तिसऱ्यांदा मुलगी डिलक्स पेंटमध्ये काढलेलं चित्र सेव्ह करत होती आणि वीज गेली. पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर 'एरर व्हॅलिडेटिंग डिस्क', खाली एक आकडा आणि 'ऑलरेडी सेट'. म्हणजे एकाच ब्लॉकवर दोन फाईली हक्क सांगत आहेत. हे आपोआप दुरुस्त होत नाही. कमोडोरचे अभियंते डेव्ह हेनी यांचं डिस्कसाल्व्ह हे दुरुस्तीचं साधन चालवलं, बहुतेक सगळं परत मिळालं. तिची चार चित्रं मिळाली नाहीत.

मग दुसरं कार्ड आणलं आणि त्यावर तीन आठवडे एसएफएस (स्मार्ट फाईल सिस्टिम) वापरली. जॉन हेंड्रिक्स यांची ही फाईलसिस्टिम जर्नल, म्हणजे होणाऱ्या बदलांची आगाऊ नोंद, ठेवते, व्हॅलिडेशनची भानगडच नाही. वेगही छान. पण तिला मेमरी जास्त लागते, आणि डब्ल्यूएचडीलोडवर (फ्लॉपीचे गेम हार्ड डिस्कवरून चालवणारा प्रोग्रॅम) मोठा गेम आधीच सगळा मेमरीत घेऊन चालवायचा तर मला एकेक केबी हवी होती. ६८०३० प्रोसेसर आणि भरपूर रॅम असेल त्याने ती जरूर पाहावी.

आता पाच महिने पीएफएस३ वर आहे. मिखिएल पेल्ट यांची ही फाईलसिस्टिम पूर्वी विकत मिळायची, नंतर तिचा सोर्स खुला झाला. विनयूएई या आजच्या संगणकावर अमिगा चालवणाऱ्या एम्युलेटरवाले टोनी विलेन यांनी त्यावरून केलेली 'ऑल इन वन' आवृत्ती मी वापरतो. तिची मुख्य गोष्ट अशी: नोंदी बदलायच्या असतील तर जुन्या नोंदींवर ती लिहित नाही, नव्या नोंदी दुसऱ्या जागी लिहिते आणि सगळं नीट उतरल्यावर शेवटी रूट ब्लॉक, म्हणजे जिथून बाकी नोंदी सापडतात तो ब्लॉक, बदलते. मध्येच वीज गेली तर डिस्क आधीच्या स्थितीत, पण अखंड सापडते. या पाच महिन्यांत वीज कितीदा गेली ते मोजलं नाही, पण प्रत्येक वेळी वर्कबेंच सरळ उघडलं.

बसवताना एचडीटूलबॉक्स या डिस्क तयार करायच्या प्रोग्रॅममधून फाईलसिस्टिम डिस्कच्या आरडीबीत घालायची असते, म्हणजे डिस्कच्या सुरुवातीच्या राखीव जागेत. तिथून ती बूट होतानाच चढते. 'डीएच० तरी एफएफएसवर ठेवा, नाहीतर फ्लॉपीवरून वाचवता येणार नाही' हा सल्ला मलाही मिळाला होता. तो मला पटत नाही. फ्लॉपीवरून बूट केलं तरी आरडीबी वाचली जातेच, आणि दोन्ही पार्टिशन दिसतात. डॉसटाइपमध्ये, म्हणजे फाईलसिस्टिमची ओळख सांगणाऱ्या आकड्यात, ०एक्स५०४६५३०३ लिहायचं. त्यातले ५०, ४६, ५३ म्हणजे पी, एफ, एस ही अक्षरंच, म्हणून लक्षात राहतं. मॅक्सट्रान्सफर मात्र विसरू नका: ०एक्स१एफई००, म्हणजे एका वेळी २५५ सेक्टर. हा आकडा मोठा राहिला तर काही कार्डांवर मोठ्या फाईली गुपचूप खराब होतात आणि दोष फाईलसिस्टिमवर येतो. रीबूट केल्यावर पार्टिशनच्या नावापुढे 'एनडॉस' दिसतं, घाबरू नका, अजून फॉरमॅट झालेलं नसतं एवढंच. फॉरमॅट 'क्विक'च करायचं, काही क्षणांत होतं.

मला सर्वांत सुखद फरक दिसला तो गेम्सचा ड्रॉवर (अमिगात फोल्डरला म्हणतात तो) उघडताना. एफएफएसमध्ये प्रत्येक फाईलची नोंद वेगळ्या ब्लॉकमध्ये, डिस्कभर विखुरलेली. शेकडो गेम्स, प्रत्येकाचा आयकॉन, म्हणजे नोंदी दुप्पट. यादी दाखवायला तितके ब्लॉक हुडकावे लागतात. पीएफएस३ एका डिरेक्टरीच्या नोंदी एकत्र ठेवते. पूर्वी ड्रॉवर उघडायला सांगून मी पाणी पिऊन यायचो, आता आयकॉन समोर भराभर मांडले जातात.

उणिवा आहेत. ती लिहिणं थोडं मागे ठेवते. सेव्ह झाल्यावर एकदोन सेकंदांनी दिवा पुन्हा लुकलुकतो, त्याच्या आत बटण बंद केलं तर शेवटची फाईल जाते. मी मुलीला 'दिवा दोनदा बघ' असं शिकवलंय. दुसरं, एफएफएससाठीची दुरुस्तीची साधनं इथे चालवू नयेत, पीएफएसडॉक्टरच वापरायचं. पुसलेल्या फाईली '.डेलडिर' या लपलेल्या डिरेक्टरीत काही काळ राहतात, एकदा मला त्याचा उपयोग झाला.

३.१ चा रॉम आणि एफएफएस असेल तर ४ जीबीच्या पुढे पार्टिशन करू नका. तिथे डिस्कवरची जागा सांगणारा आकडा संपतो आणि लिहिणं गुपचूप डिस्कच्या सुरुवातीला येतं, आरडीबीसकट सगळं पुसत. मोठं कार्डच हवं असेल तर २०१८ मध्ये आलेला ३.१.४ किंवा त्यानंतरचा रॉम घ्या.

पहिलं, एफएफएसचं कार्ड मी फॉरमॅट केलेलं नाही. पाकिटात घालून, तारीख टाकून ठेवलंय. त्यातले ब्लॉक एकेक करून वाचायला शिकतो आहे, ती चार चित्रं त्यातच कुठेतरी असणार.