मांजराच्या मधुमेहासाठी माणसांचा ग्लुकोमीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मांजराला इन्सुलिन सुरू असेल तर घरात ग्लुकोमीटर हवाच, आणि मेडिकलमध्ये मिळणारा माणसांचा साधा मीटर त्याला पुरतो. आठ महिने रोज दोनदा वापरल्यावर हे मत पक्कं झालंय. फक्त आकडा मांजराचा म्हणून वाचायचा. मांजराच्या रक्तात तांबड्या पेशींपेक्षा प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पातळ भागात, साखर बरीच जास्त असते, त्यामुळे माणसांसाठी बेतलेला मीटर सहसा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. म्हणून मीटर आणि स्ट्रिप बदलत राहू नका, आकड्यांचा चढउतार बघा. दवाखान्यातल्या आकड्याशी तुलना तर नकोच; तिथे घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या ताणानं ३०० वर जाऊ शकते.

रक्त कानातून घ्यायचं. कानाच्या बाहेरच्या कडेनं एक बारीक शीर जाते. ती आणि कड यांच्यामधे टोचा. कान थंड असेल तर थेंब येतच नाही, आणि बहुतेकजण इथेच हरतात. मोज्यात भरलेले तांदूळ कोमट करून अर्धा मिनिट कानाला धरा. मागे कापसाची घडी ठेवून लॅन्सेट, म्हणजे टोचायची बारीक सुई, हातानंच टोचा, कारण ती बसवायच्या पेनच्या खटक्यानं मांजर दचकतं. मोहरीएवढा थेंब पुरे. स्ट्रिपची कड त्याला टेकवली की ती रक्त ओढून घेते. मग अर्धा मिनिट दाबून धरा, नाहीतर कान काळानिळा होतो. लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. काही दिवसांत मांजर स्वतःहून येऊन बसतं.

पावसाळ्यात स्ट्रिपची डबी उघडी राहिली की दमटपणानं रीडिंग बिघडतं. आकडा विचित्र वाटला तर नव्या स्ट्रिपवर पुन्हा बघा.

खरा धोका सिरिंजचा आहे. मांजरांना बऱ्याचदा ग्लार्जिन हे इन्सुलिन देतात, ते मिलिलिटरला १०० युनिटचं. आपल्याकडे मेडिकलमध्ये ४० युनिटवाल्या इन्सुलिनच्या लाल टोपीच्या सिरिंजही सर्रास मिळतात. ग्लार्जिनला नारिंगी टोपीचीच लागते. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये १ युनिटच्या खुणेपर्यंत ग्लार्जिन भरलं तर १ ऐवजी अडीच युनिट जातात. सुरुवातीचा डोस बहुधा बारा तासांनी १ युनिट असतो, तिथे एवढी चूक जिवावर बेतते. दुकानदार काहीही म्हणो, टोपी बघूनच घ्या.

इंजेक्शननंतर लव ओली लागली आणि औषधासारखा वास आला, तर इन्सुलिन केसांवर सांडलंय. किती आत गेलं ते कळत नाही, म्हणून पुन्हा टोचू नका. पुढच्या वेळेपर्यंत थांबा.

टोचण्याआधी साखर १५० च्या खाली असेल किंवा मांजर जेवलं नसेल तर इन्सुलिन न देता आधी डॉक्टरांना फोन करा. ५० च्या खाली उतरली, पाय लटपटले, अंग थरथरलं, तर हिरड्यांना मध चोळा आणि तडक दवाखाना गाठा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतू नका. मात्र एका रीडिंगवरून डोस वाढवणं चूक आहे. दर दोन तासांनी बारा तास मोजलेले आकडे डॉक्टरांना दाखवा.

दूधभात आणि दूधपोळी बंदच. कोरड्या दाण्यांवरून कमी कर्बोदकांच्या ओल्या खाण्यावर आणताना मात्र डॉक्टरांना आधी सांगा, कारण इन्सुलिनची गरज झपाट्यानं घटते आणि जुना डोस जास्त ठरतो.

एक गोष्ट हा मीटर दाखवत नाही: कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारे पदार्थ; ते फार वाढले तर जिवाला धोका. लघवीच्या कीटोन-स्ट्रिप वेगळ्या आणून ठेवा. उलट्या, खाणं बंद आणि स्ट्रिपचा रंग जांभळा, असं झालं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा.