जर्नल खरं, वेबसाइट खोटी. गेले १४,७५० रुपये

११,२१० अधिक २,३६० अधिक १,१८०. एकूण १४,७५० रुपये. एक संशोधन पेपर छापून आणण्यासाठी तीन लेखकांनी वर्गणी करून भरलेले, आणि त्यातले दोघे तासिका तत्त्वावर शिकवणारे. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजांत केमिस्ट्रीचे पेपर लिहिणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. पेपर पाठवा म्हणणारा तोच ईमेल तुमच्याकडेही आलेला असणार.

बोगस जर्नलांचा धंदा कसा चालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, पुन्हा सांगत नाही. हे मात्र क्लोन होतं. एक जुनं, फक्त छापील अंक काढणारं खरं जर्नल. त्याचं नाव, मुखपृष्ठ आणि आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) उचलून भामट्यांनी वेबसाइट उभी केली. यूजीसी-केअरच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य जर्नलांच्या, जुन्या यादीत नाव होतं, आयएसएसएनचे आठही अंक जुळत होते. प्राध्यापकाने यापलीकडे काय तपासायचं? २०१९ पासूनची ती यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली आणि निकषांचा कागद हाती दिला. म्हणजे जर्नल पारखणं आता तुमचं आणि तुमच्या संस्थेचं काम. क्लोनवाल्यांचं फावलं.

काम अस्सल होतं, हे ठासून सांगायचं आहे. चाल्कोन या पिवळ्या सेंद्रिय संयुगांची मालिका. अॅसिटोफिनोन आणि आल्डिहाइड इथेनॉलमध्ये, त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, आणि तापमान ३० अंशांच्या आत. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश, लॅबला एसी नाही, वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. बीकर फोडलेल्या बर्फात रुतवून ठेवावा लागतो, नाहीतर पिवळ्या स्फटिकांऐवजी तळाला चिकट तेल बसतं. साध्या चाल्कोनचा मेल्टिंग पॉइंटच ५५ ते ५७ अंश! इथेनॉलमधून पुन्हा स्फटिक करायचे, वाळवायचे, एनएमआरसाठी (रेणूची रचना दाखवणारी चाचणी) नमुने कुरिअरने चंडीगडला पाठवायचे आणि वाट पाहायची. एवढ्या मेहनतीवर या लोकांनी डल्ला मारला.

कळायला हवं होतं ती जागा रिव्ह्यूच्या, म्हणजे तज्ज्ञाने पेपर तपासून दिलेल्या शेऱ्याच्या, कागदावर होती. चाल्कोनचा पेपर खरोखर वाचणारा रिव्ह्यूअर आधी विचारतो, दुहेरी बंधावरच्या दोन प्रोटॉनांचं एनएमआरमधलं कपलिंग १५-१६ हर्ट्झच्या आसपास आहे का, म्हणजे पदार्थ ट्रान्सच (ते दोन प्रोटॉन बंधाच्या विरुद्ध बाजूंना) आहे ना? कार्बन एनएमआर कुठे? मूलद्रव्यांचं विश्लेषण ०.४ टक्क्याच्या आत बसतं का? आलेल्या रिव्ह्यूत यातलं एक अक्षर नव्हतं. ‘काम नवीन आहे, इंग्रजी सुधारा, तक्ता ४ मधली जिवाणूंची नावं तिरप्या अक्षरांत करा.’ पेपरात तक्ते तीनच होते. चौथा तक्ता नव्हताच! तो शेरा दुसऱ्याच कुणाच्या पेपरासाठी लिहून ठेवलेला, सगळ्यांना तोच चिकटवायचा. पण कॅसच्या (प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना) फाइलची मुदत डोक्यावर असताना, रिव्ह्यूअरचा आकडा चुकला असेल असंच कुणालाही वाटेल. २०१३ मध्ये ‘सायन्स’ या विज्ञान साप्ताहिकासाठी पत्रकार जॉन बोहॅनन यांनी लायकेनमधल्या रेणूवरचा मुद्दाम सदोष पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता. औषध आल्कोहोलच्या द्रावणात आणि कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना, ते द्रावणच नाही, इतकी ढोबळ चूक. तरी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

बिल नीट वाचा. प्रोसेसिंग ९,५००, वर १८ टक्के जीएसटी १,७१०. पत्ता पुण्याचा आणि जीएसटी क्रमांक ०७ ने सुरू होणारा. महाराष्ट्राचा २७ असतो, ०७ दिल्लीचा. क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते लगेच दिसतं. पैसे मात्र एका व्यक्तीच्या यूपीआयवर मागितले. मग डीओआयचे (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) २,३६०, मग छापील प्रत आणि प्रमाणपत्राचे १,१८०. डीओआय नोंदवणारी क्रॉसरेफ ही संस्था ताज्या लेखाच्या डीओआय नोंदणीसाठी प्रकाशकाकडून सभासद वर्गणीशिवाय साधारण एक डॉलर घेतं. आणि दिलेला डीओआय डीओआय डॉट ऑर्गवर उघडतच नाही.

खऱ्या जर्नलच्या संपादकांना पत्र टाकलं तेव्हा उत्तर आलं, आमची वेबसाइटच नाही.

आता दाद मागायला जा. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली, पावती क्रमांक दिला, तोवर खातं रिकामं. ठाण्यात म्हणतात, “पेपर छापून तं दिला ना सर, मंग फसवणूक कशी झाली?” चोरीच्या नावाने नेटवर पीडीएफ टाकणं म्हणजे छापणं? यूजीसी विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ कॉलेजकडे, कॉलेज विभागप्रमुखाकडे. फाइल तपासणाऱ्या समितीने मात्र एका रेघेत तो पेपर बाद केला. पेपर मोजायला सगळे पुढे, पेपर लुटला गेला की कुणाची जबाबदारी नाही! पदोन्नतीला प्रकाशनं मागणाऱ्या यंत्रणेने कोणत्या जर्नलांचे क्लोन फिरताहेत एवढं तरी सांगायला नको?

आयएसएसएन पोर्टलवर क्रमांक टाकून प्रकाशकाचं नाव आणि माध्यम पाहा. तिथे फक्त ‘छापील’ असेल आणि तुमच्यासमोर वेबसाइट असेल, तर थांबा. आयएसएसएन म्हणजे दर्जा नव्हे. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या संस्थेच्या ईमेलवर विचारा; नावं न विचारता टाकलेली असतात. जुने अंक उघडून लेख खरंच उघडतात का बघा. वर्गणीवर चालणारी जर्नल्स लेखकाकडून साधारणपणे छपाईचे पैसे घेत नाहीत, मग अशांना आधी का पाठवू नये?

पेपर मागे घ्यायचा म्हटलं तर भामटे ६,००० मागतात. एक पैसा देऊ नका. लेखी ईमेलने पेपर मागे घ्या, कॉपीराइटचा कागद फसवून घेतला हे त्यात लिहा आणि त्याची प्रत नव्या जर्नलच्या संपादकाला पेपरासोबत पाठवा. आधीच कळवलं नाही तर दुहेरी प्रकाशनाचा ठपका तुमच्यावरच येईल.

ठाण्यात जाताना यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, ईमेलचे पूर्ण हेडर आणि पत्त्यासकट वेबसाइटचे स्क्रीनशॉट न्या. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) (फसवणूक) आणि आयटी कायद्याचं ६६डी (ऑनलाइन तोतयेगिरी करून फसवणूक) अर्जात लिहा. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.