बास्केटबॉलमध्ये लांबून शूट करायला शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम : दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कितपत उपयोगी?

ज्या अभ्यासक्रमाचे हे परीक्षण आहे त्याचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण याच धर्तीचे कितीतरी अभ्यासक्रम सध्या विकले जात आहेत आणि त्यांची मांडणी व त्यांनी दाखवलेले आमिष जवळपास सारखेच असते. चित्रफितींचे सहा भाग, फोनचा कॅमेरा लावून शॉट मोजणारे अ‍ॅप आणि जाहिरातीत ‘ताऱ्यांसारखे शूटिंग’ हे आश्वासन, असे त्याचे स्वरूप आहे. दहा ते तेरा वर्षांच्या मुलामुलींच्या गटाला शिकवताना मी तो पूर्ण हंगामभर वापरला. त्याचे पहिले दोन भाग उत्तम आहेत, मधले भाग ठीक आहेत आणि अ‍ॅप मात्र या वयाच्या मुलांच्या हाती देऊ नये, असे माझे मत झाले आहे.

असा अभ्यासक्रम विकला का जातो, हे समजायला लांबून शूट करण्यासाठी नावाजलेल्या स्टीफन करी या अमेरिकी खेळाडूकडे पाहावे लागते. एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये तीन गुणांची रेषा (जिच्या बाहेरून मारलेल्या बास्केटला दोनऐवजी तीन गुण मिळतात) १९७९-८० च्या हंगामात आली, पण पुढची कित्येक वर्षे तो शॉट म्हणजे जोडधंदाच होता. रे अ‍ॅलनने २००५-०६ मध्ये एका हंगामात २६९ थ्री, म्हणजे तीन गुणांचे शॉट, मारले होते. करीने २०१२-१३ मध्ये २७२ मारून तो विक्रम मोडला आणि २०१५-१६ मध्ये थेट ४०२ वर मजल मारली. आकड्यांपेक्षाही मुलांना भिडते ती त्याची शरीरयष्टी. सुमारे १८८ सेंटिमीटर उंचीचा, सडपातळ बांध्याचा हा खेळाडू जे करतो ते आपल्यालाही जमेल, असे अकरा वर्षांच्या मुलाला वाटते. उंच उडी घेऊन डंक करणाऱ्या, म्हणजे चेंडू थेट वरून रिंगमध्ये कोंबणाऱ्या, खेळाडूबद्दल तसे वाटणे कठीण. मुलींच्या बाबतीत हाच परिणाम सब्रिना आयोनेस्कूने डब्ल्यूएनबीए या महिलांच्या लीगच्या २०२३ मधील थ्री मारण्याच्या स्पर्धेत ४० पैकी ३७ गुण मिळवून साधला, आणि त्यानंतर केटलिन क्लार्कने. बुटकी, हडकुळी, एरवी बाकावर बसून राहणारी मुले आज चेंडू मागून घेतात, हे या खेळाडूंचे ऋण आहे आणि ते मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

करीचेच माजी प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांनी २०१५ च्या नाताळातील सामन्याचे समालोचन करताना, करी एका अर्थी खेळाचे नुकसान करतो आहे, अशा आशयाचे विधान केले होते. शाळांच्या कोर्टवर मुले आल्या आल्या थ्रीच्या रेषेकडे धावतात, असे त्यांचे निरीक्षण होते. निरीक्षण अचूक आहे, दोषारोप मात्र मला पटत नाही. मूल रेषेकडे धावणारच. तेथून त्याला रिंगजवळ परत आणणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे, आणि अभ्यासक्रमाची परीक्षा याच ठिकाणी होते.

अंतर आधी आणि तंत्र नंतर असा क्रम लागला की काय होते, ते जवळून पाहण्यासारखे असते. चेंडू जड वाटतो म्हणून मूल तो कमरेच्याही खाली नेते, कोपर बाहेर फाकते, आधाराचा दुसरा हातही जोर लावू लागतो, चेंडू कपाळासमोरून न सुटता खांद्यावरून भिरकावला जातो आणि अंग हवेतच वळून मूल तिरके उतरते. यातला एखादा चेंडू बास्केटमध्ये जातोही, आणि खरी पंचाईत तेथेच होते, कारण त्या एका शॉटच्या आनंदात ही वाकडी सवय पक्की होते. पुढे ताकद वाढली तरी कोपर आत येत नाही, आणि समोर डिफेन्स उभा राहिला की कमरेपासून निघालेला शॉट सहज अडवला जातो.

अभ्यासक्रमाच्या पहिल्या दोन भागांनी नेमके याच गोष्टीवर काम केले आहे. सुरुवात रिंगपासून दोन पावलांवर, एकाच हाताने, बोर्डाचा आधार न घेता होते; तळवा आणि चेंडू यांच्यातील फट, बोटांवर राहणारा भार, गुडघ्यांतून वर येणारा जोर आणि चेंडू सुटल्यावर मनगट खाली झुकलेले ठेवणे या बाबी बाजूने आणि समोरून, अशा दोन्ही कोनांतून संथ गतीने दाखवल्या आहेत. सलग काही शॉट रिंगला न लागता जाळीत गेल्याशिवाय एक पाऊलही मागे सरकायचे नाही, ही अट मुलांना जाचक वाटते. पण संपूर्ण अभ्यासक्रमातील सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे.

त्याच भागात करीचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, याचे मात्र नवल वाटते. शाळेत असताना त्याचा शॉट कमरेजवळून निघत असे. वडील डेल करी, जे स्वतः एनबीएतील नावाजलेले शूटर होते, त्यांनी एका उन्हाळ्यात तो संपूर्ण मोडून पुन्हा बांधला, आणि त्या काळात मुलाला लांबून शूट करणे जवळजवळ अशक्य झाले होते. ज्या खेळाडूच्या नावावर मुले मध्यरेषेवरून चेंडू फेकतात, तोच कधीकाळी रिंगपाशी उभा राहून पहिल्यापासून शिकत होता, ही कथा मुलांना सांगितली की माझे निम्मे काम होते. सहापैकी एक पूर्ण भाग तिला द्यायला हवा होता.

चेंडू आणि रिंग यांविषयीचे मौन ही त्याहून गंभीर उणीव आहे. बारा वर्षांखालील मिनी बास्केटबॉलसाठी २.६० मीटर उंचीची रिंग आणि पाच क्रमांकाचा चेंडू वापरला जातो. मोठ्यांची रिंग ३.०५ मीटरवर असते आणि पुरुषांचा चेंडू सात क्रमांकाचा. चित्रफितींतील सर्व प्रात्यक्षिके मोठ्या चेंडूने, पूर्ण उंचीच्या रिंगवर केलेली आहेत. पालक तेच साहित्य घेऊन येतात आणि मग मूल वर सांगितलेल्या सर्व खोडी आपसूक शिकते.

अ‍ॅपबद्दल थोडक्यात सांगायचे तर, ते चेंडू आत गेला की नाही एवढेच पाहते. तो कसा सुटला, कोपर कोठे होते, मूल कसे उतरले, याची त्याला दखल नाही. उलट अंतर वाढेल तसे गुण वाढतात आणि ते गुण सर्वांच्या यादीत झळकतात. पहिल्या भागाने घातलेली शिस्त अशा प्रकारे त्याच पैशांत मोडीत निघते.

मधल्या भागांत ड्रिबल करून, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत नेऊन, मागे सरकत घेतलेल्या शॉटवर भर आहे. तो दिसायला आकर्षक असतो, समाजमाध्यमांवरील तुकड्यांत तोच फिरतो, म्हणून विकतही असावा. तथापि करीचा तेव्हाचा संघसहकारी क्ले थॉम्पसन याने ५ डिसेंबर २०१६ रोजी इंडियाना संघाविरुद्ध २९ मिनिटांत ६० गुण केले, तेव्हा साऱ्या सामन्यात त्याने केवळ ११ वेळा ड्रिबल केले होते. बाकी सर्व काम चेंडू हाती येण्यापूर्वीच झालेले होते : सहकाऱ्याच्या आडोशाने धावणे, योग्य क्षणी थांबणे, पाय आधीच रोवून ठेवणे आणि पास घेता घेता शॉटला तयार असणे. करीचेही पुष्कळसे थ्री अशाच अखंड धावपळीतून येतात. चेंडूविना हालचालीला अभ्यासक्रमात जेमतेम काही मिनिटे मिळाली आहेत, आणि आपल्यापेक्षा मोकळ्या असलेल्या सहकाऱ्याला पास कधी द्यावा याचा तर उल्लेखही नाही.

चौदा-पंधरा वर्षांच्या, शॉटची घडण बसलेल्या खेळाडूला शेवटचे दोन भाग निश्चित उपयोगी पडतील; त्यांतील पायांच्या ठेवणीचे विवेचन मला अनेक प्रशिक्षकांच्या तोंडून ऐकलेल्या विवेचनापेक्षा अधिक स्पष्ट वाटले. लहान मुलांसाठी घ्यायचा झाल्यास, अ‍ॅपशिवाय मिळणारा स्वस्त पर्याय घ्यावा, पाच क्रमांकाचा चेंडू वापरावा आणि तिसरा भाग उघडण्यापूर्वी मुलाचा शॉट बाजूने चित्रित करून पाहावा. चेंडू अजूनही कमरेखालून निघत असेल, तर पुन्हा पहिला भाग लावावा.