तोरणमाळचं धुकं कापडावर: छापायचं, भरायचं की शिवायचं?

सातपुड्यातल्या तोरणमाळहून परतलं की फोनमध्ये दोनेकशे फोटो असतात. यशवंत तलावावरचं धुकं, घाटातली वळणं, घरी येताना रस्त्याकडेच्या केळीबागा. त्यातला एखादा ओढणीवर किंवा भिंतीवरच्या कापडावर उतरवायचा, तर वाटा मुख्यतः तीन: डिजिटल छपाई, कम्प्युटर भरतकाम आणि छापलेल्या तुकड्यांची गोधडी. तिन्ही करून पाहिल्यावर एक कळलं, आधी फोटो नीट बघायचा आणि मग वाट धरायची.

धुकं, पाणी, संध्याकाळचं आभाळ, म्हणजे रंग एकमेकांत विरघळणारे फोटो छपाईलाच द्यावेत. पण छपाईतही कापड आधी ठरवावं लागतं. सब्लिमेशनमध्ये चित्र कागदावर छापून सुमारे 200 अंशांच्या उष्णतेखाली दाबतात. शाईची वाफ होते आणि ती पॉलिस्टरच्या धाग्यात शिरते. रंग झळझळीत येतात, एकच नगही सहज करून मिळतो. सुरत आपल्या खानदेशाला जवळ, त्यामुळे हे काम करणारे शोधावे लागत नाहीत. सुती कापडावर मात्र ही शाई टिकत नाही. त्यासाठी रिॲक्टिव्ह छपाई: कापडाला आधी सोडा-युरियाचा लेप, छपाईनंतर वाफ, मग धुलाई. खटाटोप जास्त, म्हणून मीटर-दोन मीटरसाठी महाग पडते. पण रंग धाग्याशी बांधला जातो आणि कापड मऊच राहतं. पिगमेंट शाई यापेक्षा स्वस्त. ती धाग्यावर चिकटून बसते, गडद रंगात कापड थोडं ताठरतं, घासलं की फिकं पडतं. भिंतीवर टांगायचं असेल तर चालेल.

मे महिन्यात जळगावचा पारा 45च्या घरात गेला की पॉलिस्टरची ओढणी खुंटीलाच राहते. अंगावर घ्यायचं असेल तर माझं मत सुतीलाच.

आणखी एक. फोटो जसाच्या तसा छापलात तर तो निवडणुकीच्या फ्लेक्ससारखा दिसतो. आधी गिंपसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये रंग सहा-आठांवर आणा, विजेचे खांब, माणसं, आपली सेल्फी काढून टाका. उरतं ते डिझाइन.

भरतकामाची तऱ्हा उलटी. तिथे पंचिंग करणारा, म्हणजे चित्र मशीनसाठी टाक्यांत मांडणारा, प्रत्येक आकाराला टाक्यांची दिशा देतो. पैसेही टाक्यांवर मोजले जातात. धुकं दिलंत तर गिचमीड होईल. केळीचं पान द्या: मधला दांडा, त्यातून निघणाऱ्या समांतर शिरा, वाऱ्याने फाटलेली कड. किंवा सारंगखेड्याच्या घोडेबाजारातल्या घोड्याची आयाळ. पातळ कापडावर दाट भरलं तर ते आक्रसतं, म्हणून खाली अस्तर हवंच. पिशवी, कुर्त्याचा गळा, एवढ्यावर थांबावं. जॅकार्ड, म्हणजे मागावरच नक्षी विणणं, देखणं असतं खरं, पण एका नगासाठी माग कोण लावणार?

गोधडीकडे मी नाइलाजाने आलो. चांगदेवच्या देवळाचा फोटो व्हॉट्सॲपवरून पाठवला होता, तो आकसून गेला आणि मोठ्या कापडावर सगळे चौकोन-चौकोन दिसले. चूक माझीच, मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवायची असते. कापडावर इंचाला 150 पिक्सेल धरले तर 4000 पिक्सेलचा फोटो साधारण 26 इंचांपर्यंत नीट येतो. पण 8 इंची तुकड्याला 1200 पिक्सेल पुरतात. म्हणून तसे वीस तुकडे सुती कापडावर छापून आत्याकडे नेले. "हाई काय शे?" म्हणत तिने चष्मा लावला, खाली जुनी सुती साडी अंथरली आणि थेट छापलेल्या दगडी भिंतीवरून धावदोरा घातला. ते टाके आता छिन्नीच्या खुणांसारखे दिसतात. वेळ मात्र दीड महिना गेला. शिवाय सगळं सुती कापड आधी धुऊन घ्यावं लागतं. नाहीतर एक तुकडा आटतो, दुसरा नाही, आणि गोधडीला सुरकुत्या पडतात.

भेट द्यायला घाई असेल तर सब्लिमेशनचा उशीचा अभ्रा घ्या, त्यात कमीपणा नाही. पण कुठलीही छपाई घेताना आधी वीतभर नमुना मागवा. तो दोनदा धुवा, गच्चीवरच्या उन्हात वाळवा, मग उजेडात फोटोशेजारी धरून बघा. माझ्या पहिल्या नमुन्यात तोरणमाळचं धुकं गुलाबी आलं होतं.