गॅसचा साठा बघायचा की फ्युचर्सचा भाव?

नॅचरल गॅसच्या बाजारावर लक्ष ठेवायला लागलं की पहिल्या महिन्याभरातच हा प्रश्न येतो. रोज वेळ थोडाच मिळतो, मग तो साठ्याच्या, म्हणजे जमिनीखाली भरून ठेवलेल्या गॅसच्या आकड्यांना द्यायचा की फ्युचर्सच्या, म्हणजे पुढच्या एखाद्या महिन्यात द्यायच्या गॅसच्या आजच ठरणाऱ्या भावाला? बरेच जण भाव निवडतात, कारण तो स्क्रीनवर सतत हलताना दिसतो आणि साठ्याचा आकडा आठवड्यातून एकदाच येतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. आठवड्याला एकच तास असेल तर अर्धा तास गुरुवारच्या साठ्याच्या रिपोर्टला द्या आणि उरलेला अर्धा तास वेगवेगळ्या महिन्यांच्या भावांमधल्या फरकाला, म्हणजे स्प्रेडला. चालू महिन्याचा भाव सगळ्यात शेवटी बघितला तरी चालतं. रोज सौदे करणाऱ्यांना हे लागू नाही, त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंय.

नुसता साठा बघून भाव कळत नाही आणि नुसता भाव बघून साठा कळत नाही, यासाठी दोनच वर्षं पुरेशी आहेत. २ नोव्हेंबर २०१८ ला संपलेल्या आठवड्यात अमेरिकेचा साठा ३,२०८ बीसीएफ म्हणजे अब्ज घनफूट होता, पाच वर्षांच्या सरासरीपेक्षा साधारण १६ टक्के कमी. हा तुटवडा काही अचानक आलेला नव्हता, अख्खा उन्हाळा दर गुरुवारी तो छापून येत होता आणि तरी भाव एका एमएमबीटीयूला (गॅसमधली उष्णता मोजायचं एकक) तीन डॉलरच्या आसपासच घुटमळत होता, कारण उत्पादन जोरात वाढत होतं आणि सगळ्यांनी धरलं होतं की होईल भरपाई. मग थंडी लवकर आली आणि १४ नोव्हेंबरला एका दिवसात भाव जवळपास १८ टक्के उडून ४.८४ डॉलरच्या आसपास बंद झाला. आता ऑगस्ट २०२२ घ्या. तुटवडा साधारण १२ टक्के, म्हणजे २०१८ पेक्षा कमीच, आणि भाव नऊ डॉलरच्या वर, एक दिवस तर १० ला शिवून आला. तुटवडा कमी आणि भाव तिप्पट! म्हणून "साठा सरासरीपेक्षा इतका खाली म्हणजे भाव इतका" असं कोणी गणित मांडून दाखवलं तर त्यावर पैसे लावू नका.

साठ्याचा रिपोर्ट: काय मिळतं, कुठे फसायला होतं

अमेरिकेचं ऊर्जा माहिती खातं, म्हणजे ईआयए, दर गुरुवारी न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी १०:३० ला हा रिपोर्ट टाकतं. फुकट असतो, सगळ्यांना एकाच क्षणी मिळतो. आकडा आदल्या शुक्रवारपर्यंतचा असतो, म्हणजे हातात येतो तेव्हा सहा दिवस जुना झालेला असतो. अलास्का आणि हवाई सोडून बाकीच्या ४८ राज्यांचे पाच विभाग त्यात वेगळे दिलेले असतात: ईस्ट, मिडवेस्ट, माउंटन, पॅसिफिक आणि साउथ सेंट्रल. साउथ सेंट्रलचे परत दोन भाग केलेत, मिठाच्या गुहांमधला साठा आणि बाकीचा, आणि माझ्या मते एकूण आकड्यानंतर सगळ्यात आधी बघायची ओळ हीच. मिठाच्या गुहेत गॅस पटकन भरता येतो आणि पटकन काढता येतो, त्यामुळे उन्हाळ्यात एसीसाठी वीज जास्त लागली की आधी तिथून गॅस निघतो. रिकाम्या झालेल्या जुन्या गॅसफील्डमधला साठा त्या मानाने संथ असतो, तो महिनोन्‌महिने भरत राहतो आणि हिवाळाभर हळूहळू उतरतो.

ढोबळ कॅलेंडर असं की एप्रिल ते ऑक्टोबर इंजेक्शन, म्हणजे गॅस भरणं, आणि नोव्हेंबर ते मार्च विड्रॉवल, म्हणजे तो काढणं. पण ते दगडावरची रेघ नाही, ९ ऑगस्ट २०२४ ला संपलेल्या आठवड्यात ऐन भरण्याच्या मोसमात साठा ६ बीसीएफने घटला होता.

आता फसायच्या जागा. पहिली म्हणजे पाच वर्षांची सरासरी. ही सरासरी स्वतःच दरवर्षी सरकते. मागची दोन वर्षं साठा तुडुंब असेल तर सरासरीच वर जाते आणि मग ठीकठाक साठासुद्धा कमी वाटायला लागतो. शिवाय खप बदललाय. लुइझियानातल्या सबीन पास टर्मिनलवरून पहिला एलएनजीचा, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसचा, कार्गो फेब्रुवारी २०१६ मध्ये निघाला आणि २०२३ मध्ये अमेरिका जगातला सगळ्यात मोठा एलएनजी निर्यातदार झाला. म्हणजे नोव्हेंबर २०१६ मध्ये ४,०४७ बीसीएफचा जो विक्रमी साठा झाला होता तेवढाच आज असता तर तो तेव्हापेक्षा कमी दिवस पुरला असता. म्हणून मी सरासरीशी तुलना करतोच पण शेजारच्या कॉलममध्ये साठा भागिले रोजचा खप असं दिवसांत पण लिहितो, दोन मिनिटांचं काम आहे आणि चित्र बरंच बदलतं.

दुसरी जागा जास्त डेंजर, कारण ती हेडलाइनमध्ये दिसत नाही. ११ जून २०२१ ला संपलेल्या आठवड्यात साठ्यात फक्त १६ बीसीएफ वाढ दाखवली होती आणि नुसता आकडा बघणाऱ्याला वाटलं असतं की बापरे, मागणी फारच वाढली. खरं म्हणजे कॅलिफोर्नियात ५१ बीसीएफ गॅस कागदावर एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेला होता, वर्किंग गॅसमधून बेस गॅसमध्ये. वर्किंग गॅस म्हणजे काढून वापरता येतो तो, बेस गॅस म्हणजे प्रेशर टिकवायला जमिनीखाली ठेवावाच लागतो तो. प्रत्यक्षात जमिनीत ६७ बीसीएफ गेला होता. रिपोर्टमध्ये याची नोंद असते, पण ती वाचावी लागते. रिपोर्ट सगळ्या कंपन्यांना विचारून नाही तर नमुना घेऊन बनतो, त्यामुळे जुने आकडे मागाहून सुधारलेही जातात, तेव्हा आपल्या शीटमध्ये मागचे आकडे तपासून घेत जा.

फ्युचर्सचा भाव: वेग आहे, पण कशाचा भाव ते बघा

नायमेक्स या अमेरिकेतल्या वायदेबाजारावरचा हेन्री हबचा कॉन्ट्रॅक्ट १९९० पासून चालू आहे. हेन्री हब म्हणजे लुइझियानात बऱ्याच पाइपलाइन जिथे एकत्र येतात ती जागा. एक लॉट, म्हणजे एक कॉन्ट्रॅक्ट, १०,००० एमएमबीटीयूचा, म्हणजे भाव १० सेंट हलला की एका लॉटमागे १,००० डॉलर इकडचे तिकडे. डिलिव्हरीचा महिना सुरू व्हायच्या तीन कामाचे दिवस आधी तो महिना एक्स्पायर होतो, म्हणजे त्याचे सौदे बंद होतात, आणि नेमकी इथेच नवशिक्यांची गडबड होते, कारण बऱ्याच साइटवरचे लांबलचक चार्ट एक महिना संपला की पुढचा महिना त्याला चिकटवून बनवलेले असतात. ऑक्टोबर संपून नोव्हेंबर आला आणि नोव्हेंबर आधीपासूनच महाग असेल तर चार्टवर उडी दिसते, पण त्या दिवशी कोणाचाही गॅस महाग झालेला नसतो. तेव्हा चार्ट बघताना कुठला महिना ते आधी बघा, म्हणजे "मार्च २०२७" असा एकच कॉन्ट्रॅक्ट उघडून त्याचाच चार्ट बघा.

भावाचा मोठा फायदा म्हणजे तो साठ्याच्या आधी बोलतो. ८ जून २०२२ ला टेक्सासमधल्या फ्रीपोर्ट एलएनजी टर्मिनलला आग लागली आणि दिवसाला साधारण २ बीसीएफ गॅसची मागणी एका झटक्यात बंद झाली, जो गॅस जहाजात जाणार होता तो देशातच राहणार होता. टर्मिनल लवकर सुरू होणार नाही हे १४ जूनला कळलं तेव्हा एका दिवसात भाव १६ टक्क्यांच्या आसपास पडला. आगीच्या आठवड्याचा साठा रिपोर्ट आला १६ जूनला! तोवर सगळं होऊन गेलं होतं. अशा घटनेत साठ्याची वाट बघणारा मागेच राहणार.

पण उलटंही होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास-ओक्लाहोमात जी भयानक थंडी पडली, विहिरी गोठल्या, लोकांची वीज गेली, माणसं दगावली, तेव्हा ओक्लाहोमात हजर, म्हणजे लगेच मिळणाऱ्या, गॅसचा भाव १,००० डॉलरच्या वर गेला होता आणि त्याच दिवसांत फ्युचर्सचा भाव मात्र तीन डॉलरच्या घरात. फ्युचर्स चुकत नव्हतं, ते मार्च महिन्यात हेन्री हबला काय भाव असेल ते सांगत होतं, आज ओक्लाहोमात काय चाललंय ते नाही. त्या आठवड्यात साठ्यातून ३३८ बीसीएफ निघाला हे साठ्याच्या रिपोर्टनेच नंतर दाखवलं. म्हणून ज्याला स्वतःच्या भागात खरा गॅस विकत घ्यायचाय त्याने नुसत्या फ्युचर्सवर विसंबून राहू नये, स्थानिक हजर भाव आणि हेन्री हब यांतला फरक, ज्याला बेसिस म्हणतात, तो पण नोंदवायला हवा.

दोन्ही जिथे भेटतात

मला स्वतःला सगळ्यात जास्त कळतं ते मार्च आणि एप्रिलच्या फ्युचर्समधल्या फरकावरून. मार्च हा हिवाळ्याचा शेवटचा महिना, एप्रिल हा भरायला सुरुवात करायचा पहिला. हिवाळा संपता संपता साठा तळाला जाईल अशी भीती असेल तर मार्च एप्रिलपेक्षा बराच महाग होतो आणि साठा भरपूर आहे असं दिसलं की तो फरक विरघळून जातो, म्हणजे बाजाराला साठ्याची किती काळजी वाटते हे एकाच आकड्यात मिळतं. चालू महिन्याच्या भावात हवामान, सट्टेबाजांची धावपळ, एक्स्पायरीची ओढाताण असं सगळं मिसळलेलं असतं. फक्त बघायला वापरा मात्र, यात पैसे लावणं फार वेगळी गोष्ट आहे. या स्प्रेडला बाजारात विडोमेकर, म्हणजे बायकोला विधवा करणारा, म्हणतात, आणि सप्टेंबर २००६ मध्ये अमॅरंथ नावाचा हेज फंड गॅसच्या अशाच हिवाळी-उन्हाळी स्प्रेडवर सहा अब्ज डॉलरच्या वर घालवून बंद पडला.

दुसरा फरक ऑक्टोबर आणि जानेवारीचा. जानेवारी पुरेसा महाग असेल, म्हणजे साठवणुकीचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज सुटून वर काही उरत असेल, तर लोक गॅस भरून ठेवतात. नसेल तर का भरतील? हे कसं बिघडतं ते युरोपात २०२५ च्या सुरुवातीला दिसलं, जेव्हा येणाऱ्या उन्हाळ्याचा गॅस पुढच्या हिवाळ्यापेक्षा महाग झाला. हिवाळ्याअखेर साठा ३४ टक्क्यांच्या आसपास उतरलेला, भरायची गरज मोठी, आणि भरेल त्याला तोटा. शेवटी युरोपियन युनियनने साठा ९० टक्के भरायची अट सैल केली, १ नोव्हेंबरऐवजी १ ऑक्टोबर ते १ डिसेंबरमध्ये कधीही गाठली तरी चालेल असं केलं. साठ्याचा टक्का आणि भावांचा क्रम शेजारी ठेवून बघणाऱ्याला हा ताण आधीच दिसत होता.

युरोपचं निघालंच तर तेही थोडक्यात. तिथला साठा एजीएसआय नावाच्या डेटाबेसवर रोज येतो, देशवार, टेरावॉट-तासांत आणि टक्क्यांत, भाव बघायचा तो टीटीएफचा, म्हणजे नेदरलँड्समधल्या गॅस बाजाराचा, युरो प्रति मेगावॉट-तास. अमेरिकेशी तुलना करताना आधी युनिट जुळवा, एक मेगावॉट-तास म्हणजे ३.४१२ एमएमबीटीयू, तेव्हा ३० युरोचा टीटीएफ म्हणजे साधारण ८.८ युरो प्रति एमएमबीटीयू. रोजचा आकडा मिळतो म्हणून युरोपचा साठा बघायला जास्त सोपा वाटतो, पण रोजच्या चढउतारात फारसा अर्थ नसतो, मी तरी आठवड्याचाच फरक काढतो.

मग कोणी काय धरायचं

फॅक्टरीसाठी किंवा कुठल्याही मोठ्या वापरासाठी गॅस घेणारे असाल आणि वर्षाचं बजेट ठरवायचं असेल, तर साठा आणि येत्या हिवाळ्याच्या पाच महिन्यांचा सरासरी भाव या दोनच गोष्टी नीट धरा. रोजचा भाव बघून नुसती झोप उडते. भाव शांत आणि साठा सतत मागे पडतोय असं २०१८ सारखं दिसलं तर थोडी खरेदी आधीच बांधून ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं, कारण त्या काळात विमा स्वस्त मिळत असतो.

रोज सौदे करणारे असाल तर भाव आधी, पण गुरुवारी १०:३० ला साठ्याचा आकडा नाही तर आकडा आणि अंदाज यातलं अंतर महत्त्वाचं. सगळे ९० बीसीएफची वाढ धरून बसलेत आणि ८० आलं तर साठा वाढूनही भाव चढू शकतो. त्या एक-दोन मिनिटांत भाव एवढा सैरभैर होतो की नवीन माणसाने तेव्हा ऑर्डर टाकूच नये असं मी मनापासून सांगेन.

आणि नुसतं शिकायचं असेल तर साठ्यापासून सुरू करा. एक शीट करा, त्यात आठवडा, साठा, बदल, सरासरीपासूनचं अंतर, किती दिवस पुरेल, मार्च-एप्रिल फरक आणि मग भाव, याच क्रमाने. बुधवारी हवामान बघून तुमचा अंदाज लिहून ठेवा की यावेळी किती भरला किंवा किती निघाला असेल, गुरुवारी खरा आकडा शेजारी लिहा. आठवड्यात मोठी सुट्टी आली तर रिपोर्टचा वार आणि वेळ बदलते, तेवढं ईआयएचं वेळापत्रक आधी बघून ठेवा.